सुट्टीचं तिकीट काढण्यापूर्वी : परदेशातल्या आईवडिलांसाठी मुलांच्या ताब्याविषयी

परदेशात राहणाऱ्या वाचकांचे दोन प्रश्न वारंवार येतात. एक आईचा : ‘गणपतीला म्हणून मुलीला घेऊन माहेरी आले, आता परत जायचं नाही. मुलगी चार वर्षांची आहे, म्हणजे ताबा माझ्याकडेच राहील ना?’ दुसरा वडिलांचा : ‘बायको मुलाला घेऊन भारतात गेली ती आलीच नाही. मुलगा अमेरिकन नागरिक आहे, मग अमेरिकेनंच त्याला परत आणायला नको का?’ कधी उलटही असतं. मूल वडिलांनी आजीआजोबांकडे आणून ठेवलेलं असतं आणि आई तिकडे एकटी पडलेली असते. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच पक्कं असतं, आणि तिथंच घोटाळा होतो.

तेव्हा आधी चार गोष्टी वेगळ्या करून घ्या. घटस्फोट, मुलाचं नागरिकत्व, मुलाचा पासपोर्ट आणि मुलाचा ताबा. घटस्फोट झाला म्हणजे ताब्याचा प्रश्न मिटला असं नाही. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की बदलता येतो, तो कधीच शेवटचा नसतो. मुलाकडे अमेरिकन पासपोर्ट आहे एवढ्यावर भारतातलं न्यायालय त्याला परत पाठवत नाही. आणि पासपोर्ट तुमच्या कपाटात आहे म्हणून मूल कायद्यानं तुमच्या ताब्यात येत नाही.

मुलाचं राहतं घर कोणतं?

कोणत्याही देशातला वकील तुम्हाला पहिल्यांदा हेच विचारेल. नागरिकत्वाचा प्रश्न त्यानंतर येतो. मूल रोज कुठल्या शाळेत जातं, त्याचा डॉक्टर कुठं आहे, त्याचे मित्र कुठं आहेत, यावरून कुठलं न्यायालय निर्णय करणार ते ठरतं.

अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांनी यासाठी एकसारखा कायदा स्वीकारला आहे. मूल ज्या राज्यात सलग सहा महिने राहिलं ते त्याचं ‘गृहराज्य’, आणि अर्ज तिथं करायचा. मधल्या काळात दोन-तीन महिने भारतात सुट्टी घालवली तरी हिशेब मोडत नाही. मूल बाहेर नेलं गेलं आणि एक पालक त्या राज्यातच राहत असेल, तर त्या पालकाला मूल गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत तिथंच अर्ज करता येतो. ही मुदत लक्षात ठेवा. ‘जरा शांत झाली की येईल’ म्हणत आठ महिने थांबलेल्या वडिलांची बाजू या एका कारणानं कमकुवत होते. अमेरिकन कायदा परदेशालाही एखाद्या राज्यासारखंच मानतो, त्यामुळे मूल दीर्घकाळ पुण्यात राहिलं तर ‘आता त्याचं घर भारत’ असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

भारतात १८९० चा पालक व पाल्य अधिनियम अजून लागू आहे. त्याच्या कलम ९ नुसार मूल जिथं ‘सामान्यतः राहतं’ तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. आजोळी आल्याला तीन आठवडे झाले आणि लगेच अर्ज केला, तर ते आजोळ मुलाचं सामान्य वास्तव्य ठरत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या बाबतीत हेच सांगितलं आणि हैदराबादमध्ये केलेला अर्ज टिकला नाही.

भारतातलं न्यायालय परदेशी आदेश पाळतं का?

पाळतंच असं नाही. झिडकारतंही नाही. हे उत्तर समाधान देणारं नाही, पण प्रामाणिक आहे.

पालकांनी परस्पर पळवून नेलेल्या मुलांना त्यांच्या राहत्या देशात परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. शंभरहून जास्त देश त्यात आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी आहेत. भारत नाही. संयुक्त अरब अमिरातीही नाहीत. भारतानं सामील व्हावं का यावर विधी आयोगानं २००९ आणि २०१६ मध्ये अहवाल दिले, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा आला, न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला. छळातून सुटून माहेरी आलेल्या बाईला ‘पळवून नेणारी’ ठरवलं जाईल, हा विरोधातला मुख्य मुद्दा होता आणि तो हलका नाही. कायदा काही झाला नाही. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाचा निकाल वेगळा लागतो आणि वकिलाला आधी सांगता येत नाही.

तरी गेल्या चाळीस वर्षांतल्या निकालांवरून न्यायालयाचा कल दिसतो :

- १९८६ मध्ये मिशिगनमधून वडिलांनी पुण्याला आणलेला मुलगा सर्वोच्च न्यायालयाने आईकडे अमेरिकेत परत पाठवला. तिथल्या न्यायालयाचा ताब्याचा आदेश आईच्या बाजूनं होता आणि वडिलांनी तो मोडला होता.
- १९९७ मध्ये उलट झालं. आईनं तान्हा असताना भारतात आणलेला मुलगा बारा वर्षांहून मोठा झाला होता. त्याला इथून उपटून अमेरिकेत पाठवणं त्याच्या हिताचं नाही, म्हणून तो आईकडेच राहिला.
- २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं की परदेशी न्यायालयाचा आदेश हा अनेक बाबींपैकी एक. मुलाचं हित सगळ्यांत वर. ‘ज्या देशाच्या न्यायालयात आधी गेलो त्याचाच शब्द चालेल’ ही २०१५ मधली भूमिका यात मागे पडली.
- २०२० आणि २०२२ मधल्या काही प्रकरणांत मात्र हिताचाच विचार करून मुलांना अमेरिकेत परत पाठवायचे आदेश झाले. २०२२ च्या एका निकालात न्यायालयाने असंही सांगितलं की आईवर परदेशी जाऊन राहण्याची सक्ती करता येत नाही. ती गेली नाही तर मूल वडिलांसोबत जाईल.

या सगळ्यांत एक सूत्र आहे, ते म्हणजे वेळ. मूल येऊन थोडेच महिने झाले असतील, तिथली भाषा, शाळा, मित्र अजून ताजे असतील, आणि मागे राहिलेला पालक लगेच न्यायालयात आला असेल, तर परत पाठवण्याकडे कल राहतो. मूल इथं चार वर्षं रुळलं, तर तो कल उलटा होतो. भारतात मूल घेऊन आलेल्या पालकाचे वकील तारखा मागत राहतात त्याचं कारण हेच. मला ही पद्धत मुलावर अन्याय करणारी वाटते, पण तुम्ही मागे राहिलेले पालक असाल तर तिच्यावर चिडण्यात आठवडे घालवू नका.

पाच वर्षांचा गैरसमज

१९५६ च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व अधिनियमात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असावा असं म्हटलं आहे. पुढे कलम १३ मध्ये मुलाचं कल्याण हाच निकष सर्वांत महत्त्वाचा, असंही आहे. याचा अर्थ लहान मूल आईकडे राहण्याची शक्यता जास्त. हमी नाही. आणि पाचवा वाढदिवस झाला की मूल आपोआप वडिलांकडे जातं हा त्याच्या जोडीचा गैरसमज, त्यालाही आधार नाही.

त्याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांच्या १९९९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असतानाही, ते मुलाकडे लक्ष देत नसतील तर आईला पालक म्हणून वागता येईल असा अर्थ लावला. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला दालनात बोलावून एकट्याशी बोलतात. त्याला घरून पढवून पाठवू नका. पढवलेलं मूल न्यायाधीशांना चटकन ओळखू येतं आणि त्याचं नुकसान पढवणाऱ्यालाच होतं.

मुलाला घेऊन कायमचं परतायचा विचार असेल तर

जिथं राहता तिथल्या न्यायालयाची परवानगी मागा. याला बहुतेक ठिकाणी ‘रिलोकेशन’चा अर्ज म्हणतात. वेळ लागतो, खर्च होतो, नकारही येऊ शकतो. तरी सुट्टीचं परतीचं तिकीट काढायचं आणि ते वापरायचं नाही, हा मार्ग त्याहून महाग पडतो. का ते पाहा.

अमेरिकेत दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं किंवा बाहेर ठेवून घेणं हा १९९३ पासून संघराज्याचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही परत गेलात तर विमानतळावरच अटक होऊ शकते. अमेरिकन न्यायालयाचा ताब्याचा आदेश मोडून मूल भारतात ठेवलं, तर तुम्हाला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. यात एक कलम असं आहे जे माहेरच्या माणसांना कुणी सांगत नाही : असं मूल ठेवून घ्यायला जाणूनबुजून आसरा किंवा मदत देणाऱ्या नातेवाइकांनाही व्हिसा नाकारता येतो. म्हणजे नात इथं, दुसरा मुलगा डॅलसला, आणि आजी-आजोबा त्याच्याकडे जाऊ शकत नाहीत, अशी वेळ येते. इंग्लंडमध्ये संमतीशिवाय मूल बाहेर नेणं १९८४ पासून गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत.

घरात मारहाण होत असेल तर प्रश्नच बदलतो. आधी सुरक्षित जागी जा. पण सुटका म्हणजे भारताचं विमानच असं धरून चालू नका. तिथल्या न्यायालयाचा संरक्षण आदेश बहुधा काही दिवसांत, कधी त्याच दिवशी मिळतो, आणि अमेरिकेत अशा आदेशातच मुलाचा तात्पुरता ताबा देता येतो. पोलिसांचा अहवाल, डॉक्टरांची नोंद, आसरा देणाऱ्या संस्थेचं पत्र हे कागद तिथंच तयार होतात. भारतात आल्यावर तिथल्या मारहाणीचा पुरावा उभा करणं फार अवघड जातं. आधीच आला असाल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तुम्ही तात्पुरत्या जिथं राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सातारा असो की रत्नागिरी. कलम २१ खाली मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेशही त्यातच मागता येतो. फक्त ताब्यासाठी म्हणून खोटी तक्रार जोडायचा सल्ला कुणी दिला, तर तो वकील बदला.

जोडीदारानं मूल नेलं असेल तर : पहिले काही आठवडे

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आकडे घालून देतो.

1. लेखी कळवा. एक शांत ईमेल : सुट्टीची संमती अमुक तारखेपर्यंत होती, ती वाढवायला माझी संमती नाही, मुलानं परत यावं. संताप, शिव्या, धमकी, पैशाचा सौदा काही नको. हाच ईमेल पुढे न्यायाधीश वाचणार आहेत.
2. राहत्या देशात ताब्याचा अर्ज करा. अंतरिम आदेश घ्या, आणि समोरच्याला नोटीस नीट बजावली गेल्याचा पुरावा ठेवा. ऐकून न घेता दिलेल्या परदेशी आदेशाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार भारतात किंमत राहत नाही.
3. मूल अमेरिकन नागरिक असेल तर परराष्ट्र खात्याच्या मुलांविषयीच्या कार्यालयाला कळवा. ते मूल आणून देणार नाहीत, ते त्यांच्या हातात नाही. पण मुलाच्या खुशालीची चौकशी करायची विनंती वकिलातीमार्फत करता येते आणि नोंद राहते.
4. भारतात मूल ज्या भागात आहे तिथल्या उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका करा. महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालय. मूल विदर्भात असेल तर नागपूर, मराठवाड्यात असेल तर छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून सांगली-कोल्हापूर भागासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच. ताब्याचा लांबलेला दावा कौटुंबिक न्यायालयात चालतो, परत पाठवण्याची तातडीची मागणी उच्च न्यायालयात.
5. त्याच याचिकेत पहिल्या तारखेलाच व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून मागा. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दूर असलेल्या पालकाच्या अशा संपर्काला भेटीच्या हक्काच्या जोडीचं स्थान दिलं आहे. मुख्य मागणीला महिने लागले तरी हे लवकर मिळू शकतं, आणि मुलाला तुमचा चेहरा परका होत नाही.

या काळात शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद, मूल जायचं त्या कराटेच्या वर्गाची पावतीसुद्धा गोळा करा. ‘माझं मुलावर किती प्रेम आहे’ याच्या पानभर वर्णनापेक्षा, सोडायला-आणायला कोण यायचं याबद्दल शाळेचं दोन ओळींचं पत्र जास्त वजनाचं ठरतं. मूल शाळेच्या दारातून उचलून आणायचा विचार मात्र मनातही आणू नका. तसं केलं की तक्रारदाराचे तुम्ही आरोपी होता.

राहता देश कोणता, त्यावर फरक

इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘ताबा’ हा शब्दच आता कायद्यात नाही. मूल कुणाकडे राहील आणि कुणाला भेटेल याचा एकच आदेश असतो, आणि ‘पालकत्वाची जबाबदारी’ त्याहून वेगळी. ती आईला जन्मापासून असते. वडिलांना, लग्न झालेलं असेल तर किंवा १ डिसेंबर २००३ नंतरच्या जन्मदाखल्यावर नाव असेल तर. अर्जाआधी मध्यस्थाची एक माहितीबैठक करावी लागते. हिंसाचार असेल तर त्यातून सूट आहे. ‘मूल माझ्याकडे राहील’ असा आदेश असलेल्या पालकाला २८ दिवसांपर्यंत मूल परदेशी नेता येतं. भारतात उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी काढायची तर त्यापुढच्या दिवसांना दुसऱ्या पालकाची संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागतेच. मूल एक-दोन दिवसांत बाहेर नेलं जाणार अशी खरी भीती असेल तर थेट पोलिसांकडे जा. ते विमानतळांना सूचना देतात आणि ती २८ दिवस राहते. अमेरिकेत बाहेर जाताना अशी सरसकट तपासणी होत नाही. तिथं सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट काढायला दोघांची संमती लागते, आणि अर्ज आला तर तुम्हाला कळवणारी मोफत नोंदणी आहे. ती आजच करून टाका, भांडण नसलं तरी.

आखातात चित्र निराळं आहे. अमिरातींमध्ये १ फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी स्वतंत्र नागरी कायदा आहे आणि घटस्फोटानंतर संयुक्त ताबा हा त्याचा मूळ नियम आहे. आपल्या देशाचा कायदा लावा, असंही म्हणता येतं. मूल बाहेर नेलं जाईल अशी भीती असेल तर न्यायालयाकडून प्रवासबंदी मिळवता येते. खरी अडचण व्हिसाची. मुलाचा राहण्याचा परवाना बहुधा वडिलांच्या नोकरीवर असतो. नोकरी गेली किंवा परवाना रद्द केला, तर संयुक्त ताब्याचा कागद हातात असूनही मूल तिथं राहू शकत नाही. आईला नोकरी असेल तर मुलाचा परवाना स्वतःच्या नावावर घेता येईल का, हे घटस्फोटाच्या बोलण्याआधी पाहून ठेवावं.

कॅनडात मार्च २०२१ पासून घटस्फोटाच्या कायद्यात ‘कस्टडी’ शब्द गेला आणि दूर राहायला जायचं तर ६० दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात मुलाचं नाव पोलिसांच्या प्रवास-निगराणी यादीत घालायला न्यायालयात अर्ज करावा लागतो.

अमेरिकेत आश्रित व्हिसावर असलेल्या आयांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घटस्फोट मंजूर झाला की तुमचा व्हिसा टिकत नाही. मूल अमेरिकन, तुम्हाला तिथं राहता येत नाही, आणि मूल बाहेर नेता येत नाही, असा पेच पडतो. म्हणून घटस्फोटाच्या अर्जावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. कौटुंबिक वकिलाला हे विषय माहीत असतीलच असं नाही.

सुट्टीला भारतात जायचंय आणि दुसरा घाबरतोय

हा प्रसंग सर्वांत जास्त कुटुंबांत येतो. ताब्याचं भांडण सुरू आहे किंवा विभक्त झाला आहात, आजोबांची पंचाहत्तरी आहे, आणि दुसरा पालक म्हणतो, भारत हेगमध्ये नाही, मूल परत येणार नाही. न्यायाधीशही हेच म्हणून परवानगी नाकारू शकतात. भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. ती कमी करा. संमतीपत्रात किंवा आदेशात या गोष्टी घाला :

- जाण्या-येण्याच्या नेमक्या तारखा, विमान क्रमांक, परतीचं काढलेलं तिकीट.
- भारतात कुठं राहणार ते सगळे पत्ते, आणि तिथल्या दोन मोठ्या माणसांचे फोन.
- मुलाचं राहतं घर अमुक देशातच आहे आणि ताब्याचा निर्णय तिथलंच न्यायालय करेल, असं दोघांनी मान्य केल्याचं वाक्य. हे वाक्य विसरू नका, भारतात पुढे वाद झाला तर न्यायालय ते पाहतं.
- मूल परत आलं नाही तर जप्त होईल अशी रोख हमी किंवा बाँड.
- व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळ, भारतीय वेळेनुसारही लिहिलेली.
- परत आल्यावर मुलाचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड कुणाकडे राहतील.

काही न्यायालयं आणखी पुढे जाऊन, तशाच अटींचा आदेश आधी दुसऱ्या देशातल्या न्यायालयातून आणा असं सांगतात. त्याला मिरर ऑर्डर म्हणतात. भारतात त्यासाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे दोघांच्या संमतीनं आणि हमीपत्र देऊनच तो प्रयत्न करावा लागतो. आणि असा आदेश आला तरी तो स्वतः तपासून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मिरर ऑर्डरच्या अटीवर एका मुलाला केनियाला जाऊ दिलं होतं. त्यात फसवणूक झाल्याचं दिसल्यावर २०२१ मध्ये न्यायालयाला तो निर्णय मागे घ्यावा लागला.

भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांबाबत : अल्पवयीनाच्या अर्जाला दोन्ही पालकांचं ‘परिशिष्ट ड’ लागतं. एक पालक सही देत नसेल तर ‘परिशिष्ट क’ भरून कारण सांगावं लागतं. त्यात खोटं लिहू नका. ‘नवऱ्याचा पत्ता नाही’ असं लिहिलं आणि दुसरीकडे त्याच्याशी रोज व्हॉट्सअॅपवर भांडण चाललेलं, हे ताब्याच्या दाव्यात हमखास बाहेर येतं.

परदेशात बसून इथला दावा चालवताना

प्रत्येक तारखेला यावं लागत नाही. भाऊ किंवा वडिलांच्या नावानं मुखत्यारपत्र करता येतं. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, किंवा तिथल्या नोटरीनंतर अपोस्टिल करून घ्या. अपोस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे. मूळ कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. लोक मुदत विसरतात आणि ऐन तारखेला समोरचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो. परदेशी आदेशाची प्रमाणित प्रतच दाखल करा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. उलटतपासणीला आणि मुलाच्या भेटीला मात्र तुम्हीच या. मुखत्यार म्हणून आलेल्या काकांना न्यायाधीश मूल देत नाहीत.

पैसे नसतील तर

- भारतात स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच कार्यालय असतं.
- राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठी वेगळा कक्ष आहे. पती परदेशात आणि पत्नी इथं, किंवा उलट, दोन्ही तक्रारी घेतात.
- भारतीय वकिलातींकडे अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी असतो. पतीनं सोडून दिलेल्या स्त्रियांना कायदेशीर मदत त्यातून मिळू शकते. तक्रार ‘मदद’ पोर्टलवरूनही नोंदवता येते.
- इंग्लंडमध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा पुरावा असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर सरकारी कायदेशीर मदत मिळते.

पुरुषांसाठी इथली दारं कमी आहेत, हे खरं. उत्पन्न मर्यादेत असेल तर विधी सेवा प्राधिकरण त्यांनाही मदत करतं.

तडजोड झालीच, तर कागदावर काय लिहाल

दोन देशांत विभागलेल्या मुलाच्या करारात ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. ‘वाजवी’ म्हणजे काय ते लिहा. दिवाळी कुणाकडे आणि नाताळ कुणाकडे. तिकिटाचे पैसे कोण भरणार, आणि मूल किती वर्षांचं झाल्यावर विमान कंपनीच्या सोबतीनं एकटं प्रवास करणार. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी नऊ वाजता ठाण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात आणि हिवाळ्यात साडेसात. कॉलची वेळ घड्याळ बदललं की कशी बदलेल तेही. शाळेचं आणि डॉक्टरांचं सगळं दोघांना थेट मिळावं, एकानं दुसऱ्याला कळवायचं ठेवू नका. आजी-आजोबांशी बोलायची वेळ वेगळी ठेवलीत तर बरं. पोटगी आणि भेट यांची सांगड घालू नका. पैसे आले नाहीत म्हणून कॉल बंद, आणि कॉल लागला नाही म्हणून पैसे बंद, हे दोन्ही न्यायालयाला खपत नाही. मूल बारा-तेरा वर्षांचं झाल्यावर व्यवस्था पुन्हा पाहायची तारीखही आताच घाला. आणि वाद झाला तर आधी कुणा मध्यस्थाकडे जायचं, त्याची फी कशी वाटायची, हे सगळ्यात खाली लिहून दोघांनी प्रत्येक पानावर सही करा. नंतर तो कागद दोन्ही देशांतल्या वकिलांना दाखवून न्यायालयाच्या आदेशात घालून घ्या. नुसता सह्यांचा कागद कुठंच अमलात आणता येत नाही.